तीनदा विचारणारी चौकट

आमच्या घरी पहिल्या विचारण्याला कोणी हो म्हणत नसे. कुणाकडे गेलो आणि त्यांनी "चहा ठेवू का?" म्हटलं, की आई म्हणायची, "नको हो, आत्ताच झालाय." दुसऱ्यांदा विचारलं की, "कशाला उगीच त्रास." तिसऱ्यांदा विचारेपर्यंत बहुतेक वेळा आतून स्टोव्हचा आवाज यायला लागलेला असायचा. मग आई म्हणायची, "बरं, अर्धा कप ठेवा." मी लहान असताना एकदा एका घरी लाडू पुढे आला आणि मी पहिल्याच वेळी हो म्हणून टाकलं. घरी येताना आई माझा हात नेहमीपेक्षा घट्ट धरून चालली. तेवढ्यावरून मला सगळं कळलं.

या सवयीपायी बंगलोरमधली माझी पहिली नोकरी जवळजवळ हातची गेली होती. ती गोष्ट सांगायची तर कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या बटणांबद्दल थोडं सांगावं लागेल. मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही. पण बटणांमध्ये काही फार अवघड नसतं, अवघड असतं ते माणसांचं.

आधी हे सांगते की मी तिथे पोचले कशी. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात पिठाची गिरणी चालवायचे. आमच्या घरात तोवर कॉलेजची पायरी कोणी चढलेलं नव्हतं. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा शाळेतले मास्तर ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत आले आणि पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाले, "पोरीला सायन्सला घाला." आबा म्हणाले, "मास्तर, आमच्यात कोण शिकलंय एवढं?" मास्तर दळण घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात गव्हाचा डबा घेऊन आले आणि परत तेच म्हणाले. आबा म्हणाले, "बघू की." मग एकदा मास्तर नुसतेच आले, डब्याशिवाय. तेव्हा आबांनी चालू दळण अर्ध्यात ठेवून खटका ओढला. गिरणी घरघरत थांबली. दळण चालू असताना आबांनी गिरणी थांबवलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. म्हणाले, "बोला, कुठं घालायची?"

त्यामुळे माझी अशी समजूतच झाली होती की आयुष्यातली चांगली गोष्ट तिसऱ्या विचारण्याला मिळते. आपण फक्त पहिल्या दोन वेळा मर्यादेने राहायचं.

पुढे कोल्हापूरला एमसीए करताना शेवटच्या सहामाहीच्या प्रोजेक्टसाठी मला बंगलोरची एक छोटी कंपनी मिळाली. ती इंदिरानगरमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर होती. खाली घरमालकांचं अंगण आणि तगरीचं झाड, वर आम्ही सात-आठ माणसं आणि तेवढेच कॉम्प्युटर. मालकांना सगळे सर म्हणत. ते केरळचे, बोलायला अगदी मोजके. बोलताना त्यांची बोटं कीबोर्डवरून हलत नसत. वाक्य संपलं की टकटक पुन्हा सुरू.

राहायला मी जे. पी. नगरमध्ये होते. आमच्या कॉलेजच्या एका बाईंच्या ओळखीने एका मराठी घरात खोली मिळाली होती. ते लोक इतक्या पिढ्या तिकडे राहिलेले की त्यांची मराठी मला आधी अर्धीच कळायची. घरातल्या बाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्का म्हणू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी वाटीभर सारू, म्हणजे आपलं सार, आणि भाताचा डोंगर वाढला आणि विचारलं, "अजून स्वल्प भात?"

"नको अक्का."

"अगं, स्वल्प घे की. येवढंच जेवतीस व्हय?"

"खरंच नको."

"तुझ्या आईला काय सांगू मी? सरी, येवढा घे." आणि भात पडला.

मी मनातून हरखले. सातशे किलोमीटर येऊनही... किती ते मी मोजलं नव्हतं, पण खूप लांब येऊनही, हे आपलंच घर होतं. खरंच पोट भरलं असेल तर काय करायचं, हे अक्कांच्या यजमानांनी हळूच शिकवलं. दोन्ही तळवे ताटावर आडवे धरायचे आणि म्हणायचं, "साकु," म्हणजे पुरे. मग अक्कांचा हात थांबायचा. तोंडाने कितीही नको म्हणा, त्या तळव्यांशिवाय ते नको धरलं जात नसे.

ऑफिसात मला काम मिळालं ते पडद्यावर खिडक्या काढण्याचं. विंडोज तेव्हा नवीन नवीन होती. कॉलेजात आम्ही काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं बघत शिकलेलो. इथे व्हिज्युअल बेसिक उघडलं की समोर एक राखाडी पाटी यायची, तिच्यावर रांगोळीसारखे बारीक ठिपके. बाजूच्या पेटीतून बटण उचलायचं आणि पाटीवर ओढून सोडायचं. ते आपोआप ठिपक्यांना चिकटून सरळ बसायचं. बटणावर आधी 'कमांड वन' असं लिहिलेलं असायचं, ते पुसून आपलं नाव घालायचं. मग बटणावर दोनदा टिचकी मारली की मागची बाजू उघडायची, आणि हे बटण दाबल्यावर काय व्हावं ते तिथे लिहायचं. पहिल्यांदा मी बटण काढलं, चालवून बघितलं, माऊसने दाबलं, आणि ते खरंच आत गेल्यासारखं दिसून वर आलं, तेव्हा मी ते परत परत दाबत बसले. त्याच्या मागे मी काहीच लिहिलेलं नव्हतं. नुसतं दाबायचं.

शेजारच्या टेबलावर पुण्याची एक सीनियर मुलगी बसायची. मी तिला ताई म्हणायची. ती वळून म्हणाली, "अगं, ते तुटेल."

"सॉरी ताई."

"आणि ऑफिसमध्ये ताई-बिई नको ना गं. मला एकदम ओल्ड वाटतं."

"बरं ताई."

तिने कपाळावर हात मारला. पण शिकवलं सगळं तिनेच. बंगलोरबाहेरच्या बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्याच्या स्टोअरसाठी आम्ही प्रोग्रॅम करत होतो. कामगार खिडकीवर येऊन हातमोजे, ड्रिलची पाती, कापडी पट्टे मागणार आणि स्टोअरवाला ते कॉम्प्युटरवर नोंदवून देणार. मोठा पडदा ताईने केला होता. माझ्याकडे त्यातून वर येणाऱ्या छोट्या चौकटी होत्या. त्यांना डायलॉग बॉक्स म्हणतात. काही विचारायचं असलं की प्रोग्रॅम कामात थांबतो आणि अशी चौकट पुढे करतो. तिच्यात एक प्रश्न आणि खाली 'यस', 'नो' अशी बटणं. एका बटणाची कड इतरांपेक्षा जाड असते. कोणी माऊसला हात न लावता नुसतं एंटर दाबलं, तर तेच बटण दाबलं गेलं असं धरतात.

मला ही चौकट फार आवडली. मला वाटलं, हे यंत्र आमच्या घरच्यासारखं आहे, आधी विचारतं. फक्त ते एकदाच विचारायचं, हे मला बरोबर वाटेना. म्हणून मी माझ्या परीने सुधारणा केली. कोणी दिवसाच्या नोंदी पुसायचं बटण दाबलं, तर आधी चौकट यायची: 'पुसायच्या आहेत का?' यस म्हटलं की दुसरी: 'नक्की?' त्यावरही यस म्हटलं की तिसरी: 'या नोंदी परत मिळणार नाहीत. खरंच पुसू?' सगळं इंग्रजीतच होतं, पण मनात मी ते मराठीत लिहिलं होतं. पुढे पुढे मी एवढी रमले की साधी नोंद जतन करतानासुद्धा तीन चौकटी यायला लागल्या.

ताईने चालवून बघितलं. पहिल्या चौकटीला तिने यस दाबलं. दुसरीला भुवई वर गेली. तिसरीला म्हणाली, "हे काय आहे? लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढतेयस का?"

"माणूस चुकला तर?"

"अगं, पण माणूस वैतागेल ना!"

"आपल्याकडे वैतागत नाहीत," मी म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं.

ताईकडे दुसरं काम होतं. सरांनी, "क्लायंट काय म्हणतो बघू," एवढंच म्हटलं आणि टकटक सुरू केली. प्रोग्रॅम बोम्मसंद्र्याला गेला. मीही व्हॅनमधून बरोबर गेले होते. तिथले स्टोअरवाले अण्णा, भरघोस मिशांचे, कानामागे पेन, दिवसभर खिडकीशी. आधी त्यांनी प्रत्येक चौकट बोट ठेवून वाचली. मला फार बरं वाटलं. दुपारपर्यंत मात्र ते म्हणाले, "अय्यो यम्मा, ये कितना बार पूछता? एक बार यस बोला ना मैं."

"सेफ्टी के लिए, अण्णा."

"सेफ्टी?" त्यांनी खिडकीबाहेरच्या रांगेकडे हात केला. "वो लोग मेरे को मारेगा तो सेफ्टी किधर है?"

रांगेतले हसले, मीही हसले. सवय होईल, असं मला वाटलं. सवय झालीच, पण वेगळीच.

त्याच सुमारास, एका शुक्रवारी संध्याकाळी, सर माझ्या टेबलापाशी आले. हातात चहाचा कप होता, म्हणजे बोटं मोकळी नव्हती, म्हणजे काहीतरी खास असणार. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "प्रोजेक्ट संपल्यावर इथेच राहणार का? कायमची?"

माझ्या कानात गिरणी चालू झाली. मला ती नोकरी हवी होती. किती हवी होती ते सांगणं कठीण आहे. रोज बसमध्ये मी मनातल्या मनात आबांना सांगून बघायची की मला इथेच ठेवून घेतलंय. प्रोजेक्ट संपला की गावी जायचं आणि गावात तेव्हा एकही कॉम्प्युटर नव्हता. तालुक्याला एक होता, तो प्लास्टिकच्या कव्हराखाली असायचा आणि कव्हरावर कुंकू लावलेलं असायचं. बटणं काढायची असली तर ती इथेच निघणार होती.

आणि माझ्या तोंडून बाहेर आलं, "नो नो सर. इट्स ऑल राइट."

सरांनी मान हलवली. "ओके. नो प्रॉब्लेम." आणि ते कप घेऊन गेले.

खरं सांगते, मला अजिबात वाईट वाटलं नाही. मी खुशीत होते. पहिल्यांदा विचारून झालं होतं, आणि मी शोभेल असं वागले होते. आता दुसऱ्यांदा विचारतील. तेव्हा काय म्हणायचं, त्याची मी बसमध्ये तयारी केली: "तुम्हाला कशाला त्रास, सर." आणि मग तिसऱ्यांदा विचारलं, की सावकाश मान वर करून हो.

सोमवारी मी बरा ड्रेस घालून गेले. सर जाता-येता दिसत होते. एकदा ते थेट माझ्याकडे आले. मी उठून उभी राहिले. त्यांनी विचारलं, "स्टेपलर आहे का?" मी घाईत "नो सर" म्हणाले, आणि स्टेपलर माझ्या हातातच होता. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि गेले. तो आठवडा गेला, पुढचाही अर्धा गेला. मी स्वतःची समजूत घालायची, मास्तरही दुसऱ्यांदा आठवड्यानेच आले होते, ज्वारी संपल्यावर. माणसाला निमित्त लागतं.

मग बोम्मसंद्र्याहून फोन आला. सकाळपासूनच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या. अण्णा फोनवर इतक्या मोठ्याने बोलत होते की ताईने रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला आणि आम्ही दोघींनी ऐकलं. ताई आणि मी लगेच व्हॅनने निघालो.

झालं होतं ते असं. 'क्लोज'च्या शेजारीच मी 'क्लिअर' हे बटण ठेवलेलं. संध्याकाळी यादी छापून झाली की ती पुसायला. अण्णांचा माऊस क्लोजऐवजी क्लिअरवर पडला. चौकट आली. अण्णांना एव्हाना चौकट दिसली की काय करायचं ते पाठ झालं होतं. एंटर, एंटर, एंटर. तीनही वेळा जाड कड 'यस'लाच होती, कारण ती दुसऱ्या बटणावर न्यायची असते हे मला सुचलंच नव्हतं.

"पण अण्णा, तीन बार पूछा ना उसने," मी म्हणाले. माझा आवाज रडवेला झाला होता.

"पूछा तो? हर चीज को पूछता है वो! मोजा दिया, पूछता. पट्टा दिया, पूछता. मेरी घरवाली का बात भी मैं इतना नहीं सुनता." मग माझं तोंड बघून त्यांचा आवाज जरा खाली आला. "रोना नहीं यम्मा. कॉफी कुडी. चिट्ठी सब है मेरे पास."

कॉफी आली. ती पी म्हणताना त्यांनी मला दोनदा विचारलं नाही, कप हातातच दिला.

नोंदी खरंच बुडाल्या नव्हत्या. जो कामगार वस्तू घ्यायचा तो चिठ्ठी द्यायचा, आणि अण्णा ती खिडकीच्या चौकटीला टांगलेल्या एका आकड्याच्या तारेत टोचून ठेवायचे. सकाळपासूनच्या सगळ्या चिठ्ठ्या त्या तारेत ओवलेल्या होत्या. अण्णा एकेक काढून वाचू लागले, ताई टाइप करू लागली. मी बघत होते. एक चिठ्ठी रद्द झालेली होती, कामगाराने हातमोजे परत केलेले. अण्णांनी ती फाडली नाही, फक्त दुमडली आणि परत तारेत टोचली. मी विचारलं, असं का. ते म्हणाले, शाम को फेंकेगा, अभी क्या जल्दी. दिवसभरात कोणी ना कोणी येऊन म्हणतंच, मेरा मोजा वापस दो.

तिथे माझ्या डोक्यात काहीतरी हललं. मी विचारण्यावर एवढा भर दिला होता, पण माणूस घाईत चुकीचं उत्तर देऊन बसला, तर पुढे काय, याचा विचारच केला नव्हता. पुसलेली नोंद लगेच फेकायची कशाला? तीही दुमडून संध्याकाळपर्यंत तारेत राहू दे. आणि एक बटण असू दे, तारेतून काढून परत जागेवर ठेवणारं.

परतताना हे मी ताईला सांगितलं. होसूर रोडवर ट्रकांच्या मागे आमची व्हॅन मुंगीसारखी चालली होती. ताई म्हणाली, "सॉलिड आहे. कर. तू जायच्या आधी होईल ना?"

"जायच्या आधी म्हणजे?"

"म्हणजे प्रोजेक्ट संपतोय ना तुझा. सरांनी पेपरमध्ये अ‍ॅड दिलीये, तुझ्या जागी कोणीतरी हवंय म्हणून. शनिवारी इंटरव्ह्यू आहेत. तू नको म्हणालीस असं सर म्हणाले. मला वाटलं, तुला पुण्यात कुठेतरी मिळालं असेल."

मी म्हणाले, "पण मी फक्त पहिल्यांदाच नको म्हणाले."

"मग?"

"मग ते दुसऱ्यांदा विचारणार ना!"

ताईने माझ्याकडे बघितलं. आधी तिला कळलं नाही, मग कळलं, आणि ती अशी हसायला लागली की ड्रायव्हरने आरसा वळवून पाहिलं. "अगं बाई! तू नोकरीला आग्रह करायला लावतेयस? तो माणूस पहिल्यांदा विचारतो हेच खूप आहे! ऑफिसात कोणी परत विचारत नाही गं, जगात कुठेच!"

"आता काय करू?"

"काय करू म्हणजे? जाऊन सांग, मला हवीये."

तिला ते किती सोपं वाटत होतं. पहिल्या विचारण्याला हो म्हणणं हेच आमच्यात हावरटपणाचं. इथे तर कोणी विचारतही नव्हतं, आणि मी जाऊन मागायचं. मला रस्ताभर तो लाडूच दिसत होता.

शुक्रवारपर्यंत मी तोंड न उघडता बटणच करत राहिले. तीनही चौकटी काढून टाकल्या. संध्याकाळी यादी कायमची पुसताना येणारी एकच ठेवली, आणि तिची जाड कड 'नो'वर नेली. क्लिअर क्लोजपासून लांब, दुसऱ्या टोकाला. दिवसभरातल्या नोंदी पुसल्या की न विचारता पडद्यावरून जायच्या, पण आत एक खूण घेऊन तशाच राहायच्या. आणि खाली एक नवीन बटण जागं व्हायचं: 'परत आणा', अर्थात इंग्रजीत.

दुपारी मी सरांना दाखवायला गेले. त्यांनी एक नोंद पुसली, ती गेली. त्यांनी नवीन बटण दाबलं, ती आली. पुसली, गेली. दाबलं, आली. मग माझ्या लक्षात आलं, ते उगीचच करत होते, मी पहिल्या दिवशी केलं होतं तसं.

"गुड," ते म्हणाले. "प्रश्न नाहीत. हे चांगलं आहे." आणि बोटं त्यांच्या स्वतःच्या कीबोर्डकडे निघाली.

ती बोटं कीबोर्डला टेकली की माझी वेळ गेली, हे मला माहीत होतं. मी म्हणाले, "सर, त्या दिवशीचं माझं नो..." पुढचं इंग्रजी संपलं. मी पडद्यावरच्या त्या नवीन बटणाकडे बोट दाखवलं. "सर, ते पण परत आणता येईल का?"

बोटं हवेत थांबली. "कुठलं नो?"

"नोकरीचं. मला यस म्हणायचं होतं."

"मग नो का म्हणालीस?"

मी सांगितलं. चहा, अर्धा कप, आई, सगळंच. इंग्रजीत ते फार विचित्र वाटत होतं. "आमच्याकडे तिसऱ्या वेळी हो म्हणतात" हे वाक्य मी तीन तऱ्हांनी बोलून पाहिलं आणि तीनही तऱ्हांनी चुकलं. सरांचा चेहरा हलला नाही. मग ते म्हणाले, "माझी आईसुद्धा अशीच आहे. म्हणून मी सगळ्यांना एकदाच विचारतो. वेळ वाचतो." आणि पुढे म्हणाले, "उद्या दोन जण येणार आहेत. त्यांना मी बोलावलंय, त्यामुळे भेटेनच. पण तुझी जागा तुझी. जॉइन करणार?"

"यस सर."

एवढ्या पटकन आलेलं ते उत्तर ऐकून मलाच दचकायला झालं.

"ओके." टकटक सुरू झाली.

मी उभीच राहिले. मला वाटत होतं, अजून काहीतरी व्हायला हवं. निदान 'नक्की?' असं तरी. सरांनी मान वर केली. "काय?"

"काही नाही सर," मी म्हणाले आणि बाहेर आले. ताई दाराशीच होती, कागद हातात धरून, वाचत असल्याचं नाटक करत. कागद उलटा होता.

दुसऱ्या दिवशी आलेल्या दोघांपैकी एकाला सरांनी घेतलंच. बोम्मसंद्र्यातल्या आणखी एका कारखान्याचं काम येणार होतं. त्या नव्या मुलाच्या पहिल्या प्रोग्रॅममध्येही खूप चौकटी होत्या. मी त्याला फक्त अण्णांकडे घेऊन गेले.

त्या शुक्रवारी संध्याकाळी घरी जाताना मी एसटीडी बूथवरून गावी फोन केला. फोन गिरणीशेजारच्या दुकानात होता. आबांना बोलावलं. मागे गिरणीचा आवाज येत होता.

"त्यांनी ठेवून घेतलं मला," मी ओरडून सांगितलं.

"नीट इचारलं का त्यांनी?"

"एकदा विचारलं होतं आबा. मग मीच जाऊन मागितलं."

 मला वाटलं, आता आईला फोनवर बोलावतील आणि ती मला हावरट म्हणेल. मग आबा म्हणाले, "मागितलंस व्हय?" आणि मग, "बरं केलंस. मास्तरास्नी सांगतो." आणि घाईने, कारण कोणाचं तरी दळण जळत असणार, फोन ठेवला.

घरी अक्कांनी पान वाढलं होतं. मी जेवता जेवता बातमी सांगितली. यजमान म्हणाले, "भले!" अक्कांनी पळी भरून घेतली आणि विचारलं, "अजून स्वल्प भात?"

मला भूक होती. मी म्हणाले, "हो, वाढा."

अक्कांची पळी हवेतच थांबली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग यजमानांकडे, मग परत माझ्याकडे. पुढचं सगळं त्यांच्या तोंडात तयार होतं, ते कुठे ठेवावं त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते म्हणूनच टाकलं.

"अगं, स्वल्प घे की. येवढंच जेवतीस व्हय? तुझ्या आईला काय सांगू मी?" आणि भाताचा डोंगर ताटात पडला, नेहमीपेक्षा मोठा.